पांढरीच्या मातीतील नाद

महाराष्ट्राच्या गावगाड्यात 'काळी' आणि 'पांढरी' हे दोन शब्द फार जुने आहेत. पिकाची जमीन ती काळी आणि वस्तीची जागा ती पांढरी. वस्तीची माती पांढरी का दिसते याचे कारण साधे आहे. चुलीतली राख, गोठ्यातले शेण, सारवणाचे पोपडे, पडक्या भिंतींची माती, हाडांचा आणि चुन्याचा अंश हे सारे शेकडो वर्षे एकाच जागी साठत राहते. एक घर पडते, त्याच्या मातीवर दुसरे उभे राहते. आगीने, पुराने वा दुष्काळाने गाव उठते आणि काही काळाने पुन्हा त्याच ठिकाणी वसते. अशा रीतीने जमीन वर चढत जाते आणि तिचे टेकाड बनते. खानदेशात या पांढऱ्या मातीला मोठी मागणी असे. धाब्याच्या घरांवर ती पसरली जाई. खतासाठी गाड्याच्या गाड्या भरून ती शेतात नेली जाई.

गावातील जुनी देवळेही बहुधा या पांढरीवरच उभी असतात. देवळाचा जीर्णोद्धार करावयाचा म्हणजे पाया खोदणे आले, आणि पाया खोदणे म्हणजे गावाच्या पूर्वजांच्या वस्तीत कुदळ घालणे आले. त्या मातीच्या पाट्यांतून खापऱ्या येतात, बांगड्यांचे तुकडे येतात, एखादा मणी येतो. क्वचित एखादा बोरापेक्षा थोडा मोठा मातीचा पोकळ गोळा हाती लागतो. तो हलविला की आत खडे वाजतात. खोदणारा तो कानाशी धरतो, हसतो आणि लेकराला खेळायला देतो किंवा मातीबरोबर टाकून देतो. दिसायला ही गोष्ट क्षुल्लक आहे. परंतु हजार-दोन हजार वर्षांपूर्वी कोणाच्या तरी कानावर पडलेला नाद त्या गोळ्यात जसाच्या तसा शिल्लक असतो. जुन्या काळचे गाणे कोणी साठवून ठेवलेले नाही, जुनी बोली ऐकू येत नाही, पण जुन्या खुळखुळ्याचा आवाज आजही ऐकता येतो. अशा लहान वाद्यांची पुरातत्त्वशास्त्राने जी नोंद घेतली आहे तिचा परिचय करून घेण्यास जीर्णोद्धारासारखा दुसरा योग्य प्रसंग नाही.

तापीकाठचे टेकाड

नंदुरबार जिल्ह्याला यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. शहादा तालुक्यातील प्रकाशे हे तापी आणि गोमाई यांच्या संगमावरील क्षेत्र दक्षिण काशी म्हणून सर्वांना परिचित आहे. केदारेश्वर, संगमेश्वर, पुष्पदंतेश्वर यांच्या दर्शनाला दुरून भाविक येतात. काशीची यात्रा प्रकाशे केल्यावाचून पुरी होत नाही, अशी या भागातील श्रद्धा आहे. गुरू सिंह राशीत आला म्हणजे बारा वर्षांनी येथे गौतमेश्वराची मोठी यात्रा भरते. या क्षेत्राचे माहात्म्य जसे देवळांत आहे तसेच ते गावाच्या जुन्या टेकाडातही आहे.

इ. स. १९५४-५५ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याचे बी. के. थापर यांनी प्रकाशे येथील टेकाडात उत्खनन केले. त्या वेळी हा भाग पश्चिम खानदेशात मोडत असे. पुढे तो धुळे जिल्ह्यात राहिला आणि १ जुलै १९९८ पासून नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला. थापर यांना पन्नास फुटांहून अधिक जाडीचे वस्तीचे थर आढळले. त्यांची त्यांनी चार कालखंडांत विभागणी केली. सर्वांत खालचा कालखंड ताम्रपाषाणयुगाचा, म्हणजे इ. स. पूर्वी सुमारे १७०० च्या आसपास सुरू होणारा. त्या लोकांजवळ रंगविलेली सुंदर भांडी होती, दगडाची बारीक पाती होती आणि थोडे तांबेही होते. त्यानंतर बराच काळ वस्तीत खंड पडला. मग लोखंड वापरणारे लोक आले, त्यानंतर सातवाहनांच्या सुमाराचा काळ आला आणि शेवटचा कालखंड इसवी सनाच्या अकराव्या शतकापर्यंत पोचला.

या उत्खननाने एक मोठी गोष्ट सिद्ध केली. तापीकाठची माणसे कालपरवा येथे आलेली नाहीत. साडेतीन हजार वर्षांपूर्वी या काठावर चुली पेटत होत्या, मुले खेळत होती आणि सणवार होत होते. सणवार म्हटले की वाद्य आलेच. मग ती वाद्ये कोणती आणि त्यांतली मातीने आपल्यासाठी काय राखून ठेवले, हा प्रश्न साहजिकच उभा राहतो.

माती काय ठेवते, काय नेते

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात वाद्यांचे चार वर्ग सांगितले आहेत. तारेचे वा तंतूचे ते तत, कातड्याने मढविलेले ते अवनद्ध, फुंकून वाजवायचे ते सुषिर आणि एकमेकांवर आपटून वा हलवून वाजवायचे ते घन. हे वर्गीकरण संगीताच्या अभ्यासकांसाठी झाले असले तरी मातीत काय टिकते हे समजून घ्यायलाही ते अगदी उपयोगी पडते.

तत वाद्य लाकडाचे वा भोपळ्याचे असते आणि त्याचा तंतू आतड्याचा वा रेशमाचा असतो. आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात ओल साठते आणि उन्हाळ्यात भेगा पडतात. या ओल्या-कोरड्या फेऱ्यांत लाकूड आणि आतडे थोड्याच वर्षांत नाहीसे होतात. अवनद्ध वाद्यांची गतही तशीच. चामडे कुजते, लाकडी खोड वाळवीच्या भक्ष्यस्थानी पडते. मृदंग या शब्दातच 'मृद्' म्हणजे माती आणि 'अंग' म्हणजे शरीर असे दोन शब्द आहेत, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. मातीच्या अंगाचे वाद्य टिकावे अशी अपेक्षा असते आणि माती टिकतेही. परंतु वाद्य फुटून त्याच्या खापऱ्या झाल्या म्हणजे ती खापरी मृदंगाची की रांजणाची हे ओळखणे कठीण होऊन बसते. उपडी घागर वाजवून भजन करणाऱ्याची घागर फुटली तर तिच्या खापऱ्यांवरून भजन कोणाला कळणार?

सुषिर वाद्यांत वेळूचा पावा सर्वांत सोपा आणि सर्वत्र आढळणारा, पण वेळू मातीत मुळीच टिकत नाही. हाडाचा पावा मात्र टिकतो, मातीची शिट्टी टिकते, शंखही टिकतो. राहिले घन वाद्य. धातूची घंटा, घुंगरू, झांज, टाळ आणि मातीचा खुळखुळा ही मातीच्या पोटातही राहतात. म्हणून उत्खननात सापडणारी वाद्ये बहुतेक घन वर्गातली आणि आकाराने लहान असतात. चार वर्गांपैकी जवळजवळ तीन वर्ग माती गिळून टाकते.

जुन्या वाद्यवृंदाचे पूर्ण दर्शन हवे असेल तर ते शिल्पांत आणि चित्रांत घ्यावे लागते. पुणे जिल्ह्यातील भाजे येथील लेण्यात एक स्त्री दोन तालवाद्ये वाजवीत आहे आणि दुसरी नाचत आहे असे शिल्प आहे. ते दोन हजार वर्षांपूर्वीचे मानले जाते. छत्रपती संभाजीनगरच्या सातव्या क्रमांकाच्या लेण्यात मधोमध नर्तकी आणि भोवती वाद्ये घेऊन बसलेल्या स्त्रिया कोरल्या आहेत. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील महाजनक जातकाच्या चित्रात बासरी, झांजा आणि तालवाद्ये यांच्या साथीने चाललेले नृत्य रंगविलेले आहे. या चित्रांतील वाद्ये डोळ्यांना दिसतात, कानाला मात्र ऐकू येत नाहीत. मातीतून निघालेला खुळखुळा ओबडधोबड असेल, पण तो वाजतो. दोन्ही प्रकारचे पुरावे एकत्र ठेवले म्हणजेच गतकाळाच्या संगीताची काहीशी कल्पना येते.

खुळखुळ्याची घडण

सिंधू संस्कृतीच्या मोहेंजोदडो आणि हडप्पा या नगरांच्या उत्खननांत भाजलेल्या मातीचे खुळखुळे मिळाले आहेत. हे पोकळ गोळे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे आहेत. त्यांच्या पोटात मातीच्या लहान गोळ्या आहेत आणि काहींवर तांबड्या रंगाचे पट्टे काढलेले आहेत. त्यांच्याच जोडीला पक्ष्याच्या आकाराच्या मातीच्या शिट्ट्याही मिळाल्या. पुढच्या काळात तक्षशिला येथे सर जॉन मार्शल यांच्या उत्खननात मातीचे खुळखुळे आणि धातूच्या लहान घंटा सापडल्या. बंगालमधील चंद्रकेतुगढ येथील यक्षाच्या आणि पशूंच्या आकाराचे खुळखुळे तर कलाकुसरीसाठी नावाजलेले आहेत.

दिसायला सोपा वाटला तरी खुळखुळा बनविण्यास कुंभाराचे चांगले कसब लागते. प्रथम आतल्या गोळ्या करून त्या पुरत्या वाळवाव्या लागतात, नाहीतर त्या आतल्या ओल्या भिंतीला चिकटून बसतात आणि खुळखुळा मुका होतो. मग दोन वाट्या करून त्यांत गोळ्या घालून कडा जुळवून लिंपायच्या. पोकळ वस्तू भट्टीत तापली की आतली हवा आणि ओल बाहेर पडू पाहते. तिला वाट मिळाली नाही तर वस्तू फुटते. म्हणून बारीक भोक ठेवावे लागते. भोक फार मोठे झाले तर गोळ्या बाहेर पडतात. भाजणी कच्ची राहिली तर आवाज बद्द येतो, नीट झाली तर खणखणीत येतो. चाकावर मडके घडविणारा हाच हात लेकरासाठी खुळखुळाही घडवीत असे.

सातवाहनांच्या काळात महाराष्ट्रात या कामाला मोठा बहर आला होता. धाराशिव जिल्ह्यातील तेर, अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे आणि जालना जिल्ह्यातील भोकरदन येथे पांढऱ्या केओलीन मातीच्या पोकळ मूर्ती मिळाल्या आहेत. पुढची बाजू एका साच्यात आणि पाठीमागची दुसऱ्या साच्यात काढून दोन्ही जोडण्याची ही पद्धत होती. दोन भाग जोडून पोकळ वस्तू करण्याचे हे कसब खुळखुळ्याच्या घडणीचेच भावंड आहे. ही सारी गावे व्यापारी मार्गावरची होती आणि त्यांचा माल पश्चिमेच्या बंदरांकडे जात असे.

जुना खुळखुळा फोडून आत काय आहे हे पाहण्याची आता गरज उरलेली नाही. दवाखान्यात हाड मोडले की ज्या क्ष-किरणांनी तपासतात त्याच किरणांनी खुळखुळ्याच्या पोटातील गोळ्या मोजता येतात आणि भिंतीची जाडीही कळते.

घंटा, घुंगरू आणि पावा

धातूच्या लहान वाद्यांत घंटा आणि घुंगरू ही प्रमुख होत. विदर्भात मोठमोठ्या दगडांची वर्तुळे करून त्यांत मृतांचे पुरावशेष ठेवण्याची चाल अडीच-तीन हजार वर्षांपूर्वी होती. नागपूर जिल्ह्यातील टाकळघाट-खापा आणि माहुरझरी येथे प्रा. शां. भा. देव यांच्या मार्गदर्शनाखाली अशा शिलावर्तुळांचे उत्खनन झाले. माहुरझरीस घोड्याच्या मुखावर घालावयाचा तांब्याचा साज मिळाला, तर टाकळघाट-खापा येथील वस्तूंत लोखंडी लोळा असलेल्या तांब्याच्या छोट्या घंटाही होत्या. तांबे मृदू आणि लोखंड कठीण असल्यामुळे अशा घंटेचा आवाज स्पष्ट येतो, हे त्या कारागिरांना अनुभवाने ठाऊक झालेले होते.

येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. सापडलेली प्रत्येक घंटा देवाची नसते आणि प्रत्येक घुंगरू नर्तकीचा नसतो. पोळ्याला बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा आणि घाट्या घालतात. रानात चरणाऱ्या गाईच्या गळ्यातील घंटा गुराख्याला तिचा ठावठिकाणा सांगते. वस्तू एकच असली तरी देवघरात तिचा अर्थ निराळा, गोठ्यात निराळा, थडग्यात निराळा आणि लेकराच्या हातात निराळा. अर्थ ठरतो तो ती कोठे पडली होती आणि तिच्या शेजारी काय होते यावरून.

फुंकून वाजवायच्या वाद्यांचे सर्वांत जुने नमुने हाडांचे आहेत. जर्मनीतील होले फेल्स या गुहेत इ. स. २००८ मध्ये गिधाडाच्या पंखाच्या हाडाचा, बोटांची पाच छिद्रे असलेला पावा मिळाला. तो पस्तीस हजार वर्षांहूनही जुना आहे. चीनमधील जियाहू या गावी करकोच्याच्या जातीच्या पक्ष्याच्या हाडांचे अनेक पावे निघाले. त्यांचे वय सुमारे आठ-नऊ हजार वर्षे असून त्यांतला एक अजून वाजविता येतो. चीनमध्येच शिमाव या जुन्या नगरात ओठांशी धरून बोटाने छेडावयाच्या हाडी वाद्यांचे तुकडे मिळाले आहेत. ते सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचे आहेत. राजस्थानातील लोखंडी मोरचंग आणि आसामातील वेळूची गगना ही याच कुळातली वाद्ये. मोरचंग गंजून का होईना मातीत राहू शकते, गगना मात्र राहू शकत नाही. ओडिशातील संकरजंग येथील प्राचीन दफनस्थानी लांबट, घासून गुळगुळीत केलेल्या दगडी पट्ट्या मिळाल्या आणि त्या ठोकून वाजविण्याच्या असाव्यात असे मत अभ्यासकांनी मांडले. दगडही गातो हे हंपी पाहून आलेल्या यात्रेकरूंना सांगावयास नको.

मातीने न ठेवलेली वाद्ये

एवढे वाचून कोणी असे समजेल की जेथे घंटा, खुळखुळे निघाले तेथेच संगीत होते आणि जेथे काही निघाले नाही तेथे लोक मुके होते. हा समज अत्यंत चुकीचा ठरेल आणि त्याचे उत्तर नंदुरबार जिल्ह्यातच आहे.

नवापूर आणि साक्रीच्या बाजूस मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाचा उत्सव होतो. कोकणा आणि भिल्ल समाजांच्या या उत्सवात पावरी वाजल्याशिवाय देवाचे पाऊल हलत नाही. भोपळा आणि वेळू यांची ही पावरी वाजविणारा श्वास न तोडता तासन्‌तास वाजवितो. तिच्या जोडीला घुंगरकाठीचा ठेका असतो. अक्कलकुव्याच्या डोंगरात काठी येथील राजवाडी होळीला बुध्या बनलेली माणसे डोक्यावर मोरपिसांचे टोप आणि कमरेला घुंगरू, सुके दुधी भोपळे बांधून रात्रभर नाचतात आणि मोठमोठे ढोल डोंगर दणाणून सोडतात. पावरा समाजाचा मांदल आणि बासरी यांशिवाय लग्न होत नाही.

आता यांतली कोणती वाद्ये मातीत टिकतील याचा विचार करावा. पावरी जाईल, बासरी जाईल, दुधी जाईल. ढोलाचे लाकूड आणि कातडे दोन्ही जाईल. मोरपिसाचा मागमूस राहणार नाही. हजार वर्षांनी कोणी त्या जागी खणले तर त्याला काय मिळेल? कमरपट्ट्यातून निखळलेले पाच-दहा घुंगरू. त्या घुंगरांवरून त्याला काठीच्या होळीची कल्पना कशी यावी! सातपुड्याच्या आणि तापीच्या प्राचीन लोकांविषयीही हेच म्हटले पाहिजे. त्यांच्या वाद्यांपैकी अगदी थोडी मातीने राखली. म्हणूनच जी राखली त्यांचे मोल फार मोठे आहे. आणि म्हणूनच पावरी वाजविणाऱ्या वृद्धाजवळ बसून ती कशी घडवितात, भोपळा कोणता निवडतात, मेण कोठे लावतात हे लिहून ठेवणे हे उत्खननाइतकेच महत्त्वाचे काम आहे. पुढच्या पिढीने ते केले नाही तर माती ते काम करणार नाही.

वस्तूपेक्षा तिची जागा

प्रकाशे येथे थापर यांनी थरांमागून थर उतरविले, प्रत्येक वस्तू कोणत्या थरात आणि किती खोलीवर मिळाली याची नोंद केली. त्यामुळेच कोणती वस्तू कोणत्या काळची हे सांगता आले. तीच वस्तू गाडीभर मातीतून कोणी उचलली असती तर ती सुंदर दिसली असती, पण तिची साक्ष निम्मी झाली असती. पांढरीची माती धाब्यावर आणि शेतात गेली तेव्हा महाराष्ट्रातील किती टेकाडे अशी निम्म्या साक्षीची झाली याची गणती नाही.

तरीही पुरातत्त्वाच्या इतिहासात मोठे शोध पुष्कळदा सामान्य माणसाच्या कुदळीने लागले आहेत. इ. स. १९७४ मध्ये प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे छबू लक्ष्मण भिल्ल हे झाडाचे मूळ खणीत असता त्यांना काशाचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशा चार वस्तू मिळाल्या. बैल जुंपलेला आणि सारथी उभा असलेला तो रथ आज देशोदेशींच्या ग्रंथांतून छापला जातो. त्या वस्तू वितळविल्या गेल्या असत्या तर चार भांड्यांचे मोल आले असते. त्या राखल्या गेल्या म्हणून महाराष्ट्राच्या प्राचीन कलेचे एक पान उघडले.

कायदाही याबाबत स्पष्ट आहे. इ. स. १८७८ च्या निधी कायद्यानुसार जमिनीत पुरलेला दहा रुपयांहून अधिक किंमतीचा ठेवा सापडल्यास त्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यास द्यावी लागते. इ. स. १९७२ चा पुरावस्तू कायदा शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंना पुरावस्तू मानतो आणि खासगी व्यक्तीला त्या परदेशी पाठविण्यास मनाई करतो. कायद्याची भीती बाळगण्यापेक्षा त्याचा हेतू समजून घेणे अधिक बरे. गावाची वस्तू गावाच्या नावाने नोंदली जावी आणि सर्वांना पाहावयास मिळावी, हाच तो हेतू होय.

देवळातील जुनी घंटा

जमिनीखालच्या वाद्यांइतकाच जमिनीवरच्या वाद्यांचाही प्रश्न जीर्णोद्धाराच्या वेळी उभा राहतो. नवे देऊळ झाले की नवी घंटा हवीशी वाटते आणि जुनी घंटा, फुटका टाळ, झिजलेली झांज मोडीत निघते. ओतारी ती घेतो आणि वितळवितो. घंटेचे काशे म्हणजे तांबे आणि कथील यांचे मिश्रण. कथिलामुळे धातू कठीण होतो आणि नाद लांबतो, पण तो ठिसूळही होतो, म्हणून जुन्या घंटेला चीर पडली की ती बद्द वाजते. अशी मुकी झालेली घंटासुद्धा पुष्कळ बोलते. तिच्या काठावर दात्याचे नाव असते, शक असतो, क्वचित ओतणाऱ्याच्या गावाचे नाव असते. गावाच्या दप्तरात नसलेली हकीकत कधी कधी एवढ्या एका ओळीत असते.

याचे ठळक उदाहरण सातारा जिल्ह्यात वाईजवळ मेणवली येथे आहे. नाना फडणीसांच्या वाड्यामागील घाटावर जी मोठी घंटा आहे तिच्यावर मेरी आणि बाल येशू यांची आकृती असून इ. स. १७०७ हे साल आहे. चिमाजी आप्पांनी इ. स. १७३९ मध्ये वसई जिंकली, त्या मोहिमेतून आलेल्या घंटांपैकी ती एक मानली जाते. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील घंटाही अशीच पोर्तुगीज घडणीची असून तिच्यावर १७२१ हे साल आहे. परधर्मीयांची म्हणून वा जुनी म्हणून त्या कोणी मोडल्या नाहीत. त्यामुळे वसईच्या विजयाची आठवण आजही नादरूपाने ऐकावयास मिळते.

घरगुती आणि देवळातील जुन्या वस्तूंची किंमत ओळखून एका माणसाने केवढे कार्य उभे करावे याचा नमुना पुण्यात आहे. दिनकर गंगाधर केळकर यांनी आयुष्यभर गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, दौती आणि वाद्ये जमविली आणि इ. स. १९७५ मध्ये हा सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. राजा दिनकर केळकर संग्रहालयातील वाद्यांचे दालन पाहणाऱ्यास कळून येते की यांतल्या पुष्कळ वस्तू कोणाच्या तरी माळ्यावर धूळ खात पडल्या होत्या. खानदेशात धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाने जुनी कागदपत्रे आणि अवशेष यांचा असाच सांभाळ केला आहे.

गावाने करावयाचे काम

मोठी संग्रहालये मोठ्या गावी असतात. पण लहान गावालाही आपल्या परीने बरेच करता येते आणि त्याला पैसा जवळजवळ लागत नाही. देवळाचा पाया खोदताना एका जबाबदार माणसाने मातीवर नजर ठेवावी. खापरी, मणी, घंटा, खुळखुळा असे काही दिसले तर ते किती हात खोलीवर आणि देवळाच्या कोणत्या बाजूस मिळाले हे वहीत लिहून वस्तू स्वतंत्र पुडीत बांधावी. हिरवा गंज चढलेली तांब्याची वस्तू चिंचेने वा राखेने घासू नये. गंजाबरोबर तिच्यावरची अक्षरेही निघून जातात. खुळखुळा आत काय आहे हे पाहण्यासाठी फोडू नये. तलाठ्यामार्फत तहसीलदाराला आणि पुरातत्त्व खात्याला कळवावे. जुनी घंटा मोडीत न काढता तिच्यावरील मजकूर उतरवून घेऊन ती सभामंडपाच्या एका बाजूस टांगावी. गावातील पावरीवाल्याचे, ढोलवाल्याचे, भजनी मंडळातील जुन्या टाळकऱ्याचे नाव आणि त्यांच्या वाद्यांची माहिती देवस्थानाच्या दप्तरात नोंदवावी.

जीर्णोद्धार या शब्दाचा अर्थ जीर्ण झालेल्याला वर काढणे असा आहे. भिंती नव्या होतात, कळस नवा होतो, रंग नवा होतो. परंतु ज्या माणसांनी या जागी पहिल्यांदा देवापुढे घंटा वाजविली, ज्या मातांनी लेकराचे रडे थांबविण्यासाठी मातीचा खुळखुळा हलविला, त्यांचाही उद्धार या कार्यात झाला पाहिजे. त्यांची नावे आता कोणास सांगता येणार नाहीत. त्यांनी वाजविलेला एखादा नाद मात्र पांढरीच्या मातीत पडून राहिलेला असेल. तो पाटीतून उकिरड्यावर जाऊ नये एवढी काळजी प्रत्येक गावाने घेतली, तर तापीमाईच्या काठचा इतिहास पुढच्या पिढ्यांना वाचावयास तर मिळेलच, शिवाय तो ऐकावयासही मिळेल.